तळे कोणते, सरोवर कोणते?

भिलाईतील नेहरूनगर ही वसाहत पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढली. या भागातील भेलवा तालाब म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाय मोकळे करणाऱ्यांची हक्काची जागा. ‘भेलवा’ म्हणजे मराठी माणसाच्या परिचयाचा बिब्बा. कारखान्याच्या नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या जलाशयाला ‘तलाव’ म्हणतात. हिंदीत तो ‘तालाब’ असतो आणि छत्तीसगढीत ‘तरिया’. तिन्ही शब्दांनी भागते, कोणाचे काही अडत नाही. अडचण येते ती घरातील शाळकरी मुलाला या जागेवर इंग्रजीत निबंध लिहायचा झाला म्हणजे. ‘पाँड’ लिहावे की ‘लेक’? मराठीत विचारायचे तर, हे तळे की सरोवर?

शब्दकोश उघडावा तर उत्तर सरळ मिळते: मोठे ते सरोवर, लहान ते तळे. परंतु मोठे म्हणजे किती मोठे? पाणथळ जागांच्या रक्षणासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या वर्गीकरणात ही सीमारेषा ८ हेक्टरवर, म्हणजे सुमारे वीस एकरांवर आखली आहे. ब्रिटनमध्ये तळ्यांची मोजदाद करणारे अभ्यासक मात्र २ हेक्टरपर्यंतच्या आणि वर्षातून निदान चार महिने पाणी असणाऱ्या जागेलाच तळे मानतात. मग ५ हेक्टरांचा जलाशय एका मोजपट्टीने तळे ठरतो आणि दुसरीने ठरत नाही. आपल्याकडे तर गोष्ट आणखी अवघड. भाद्रपदात दहा हेक्टरांवर पसरलेले पाणी चैत्रात चार हेक्टरांवर येते. ते काय पावसाळ्यात सरोवर आणि उन्हाळ्यात तळे म्हणायचे?

नावावर विसंबावे, तर तेही फसवे असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ या काळात ज्या पाण्याकाठी राहिला, ते ‘वॉल्डन पाँड’ नावाने तळेच आहे. परंतु थोरोने स्वतः दोर सोडून त्याची खोली मोजली, ती १०२ फूट भरली. उलट बुलढाणा जिल्ह्यातील आपले लोणार हे नावाने, कीर्तीने आणि २०२० साली मिळालेल्या रामसर दर्जानेही सरोवर. पण उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेल्या त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या तळाशी पाण्याची खोली भरते काही मीटरच. आंध्र प्रदेशातील कोल्लेरूची व्याप्ती विशाल, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी माणसाच्या छातीपर्यंतही नाही.

विस्तारावरून निर्णय लागत नाही, हे ज्यांना प्रथम नीट उमगले त्यांत स्विस शास्त्रज्ञ फ्रांस्वा-अल्फोन्स फोरेल यांचे नाव घ्यावे लागेल. जिनिव्हाच्या सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करून त्यांनी त्यावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि सरोवरशास्त्र या विषयाचा पाया घातला. या शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न दोन. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो का? आणि वरचे पाणी खालच्या पाण्यात मिसळते का?

प्रकाश तळापर्यंत पोहोचत असेल, तर तळाच्या मातीत सर्वत्र वनस्पती मूळ धरू शकते. कमळ, शिंगाडा, पाण्याखालचे गवत, त्यांच्या आश्रयाने किडे, गोगलगायी, मासे, बगळे असा सारा संसार काठापासून मध्यापर्यंत पसरतो. अशा जलाशयाला तळे म्हणावे. ज्याच्या मध्यभागी तळाशी कायमचा अंधार आहे आणि जेथे रुजलेली वनस्पती केवळ काठाच्या पट्ट्यापुरती उरते, ते सरोवर. थोडक्यात, तळे हे सगळेच्या सगळे काठ असते. सरोवराला काठही असतो आणि काठाहून वेगळे असे अंतरंगही असते.

दुसरी कसोटी उष्णतेची. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४ अंश सेल्सिअसला. त्याहून जसजसे तापेल तसतसे हलके होत जाते. खोल जलाशयात उन्हाने तापलेला हलका थर वर तरंगतो आणि थंड, जड पाणी खाली बसून राहते. दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ थर तयार होतो, आणि तो जणू झाकणासारखे काम करतो. वरची हवा खाली जात नाही, खालचे पोषक द्रव्य वर येत नाही. आपल्या हवामानात हे झाकण बहुधा थंडीत, वरचे पाणी गार होऊन खाली बसू लागले म्हणजे उघडते. उथळ तळ्याची रीत निराळी. दिवसभर वर जो थर तापतो तो रात्री निवतो, वाऱ्याने ढवळला जातो आणि सगळे पाणी एक होते. सरोवराचा श्वास ऋतूंच्या हिशेबाने चालतो, तळ्याचा दिवस-रात्रीच्या.

हा भेद केवळ पाठ्यपुस्तकातला नाही. मत्स्यपालनासाठी कर्ज मागणारा शेतकरी शाखेत येतो, तेव्हा कागदावर क्षेत्रफळ असते, सातबारा असतो, पट्ट्याची मुदत असते; परंतु माशांचे जीवित ठरते ते पाण्याच्या खोलीवर आणि पहाटेच्या प्राणवायूवर. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी साधारण दीड ते दोन मीटर पाणी चांगले मानतात. पाण्यातील शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते. त्यामुळे पहाटेस तो सर्वांत कमी असतो, आणि आभाळ भरून राहिल्यास मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. अनुभवी मत्स्यपालक ते पाहताच ताजे पाणी सोडतो किंवा पाणी ढवळणारे यंत्र चालू करतो. अननुभवी माणूस उजाडल्यावर मेलेले मासे मोजतो. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यपालकांनाही उपलब्ध झाली आहे. म्हणून क्षेत्रपाहणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने पाणी किती हेक्टर, एवढेच विचारून परतू नये. पाणी किती महिने टिकते आणि उन्हाळ्यात त्याची खोली किती उरते, हेही विचारावे; परतफेडीचे हप्ते त्यावरच अवलंबून असतात.

आता प्रश्न आपल्या मुलखाचा. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. लोणार हा अपवाद. मुंबईचा विहार, तुळशी, पवई, नागपूरचा अंबाझरी, ज्यांना आपण कौतुकाने ‘लेक’ म्हणतो ते सारे बांध घालून अडवलेले पाणी. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या देशातील पहिल्या जलाशयगणनेत २४,२४,५४० जलाशयांची नोंद झाली. त्यांपैकी ५९.५ टक्के तळी होती. सरोवरे अवघी ०.९ टक्के. म्हणजे शंभरात एकही पुरते नाही. ९७ टक्क्यांहून अधिक जलाशय ग्रामीण भागातले आहेत. भारत हा तळ्यांचा देश आहे, असे म्हणण्यास हे आकडे पुरेसे आहेत.

आणि या तळ्यांसाठी लोकांनी जे शब्द घडवले, ते मोजमापावरून नव्हे, उपयोगावरून. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत ‘तलाव’ आणि ‘बोडी’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. गावाच्या शिवाराला पाणी देणारा, पाळ, सांडवा आणि पाणी सोडण्याचे तुडूम असलेला तो तलाव. एकदोघांच्या शेतापुरती, वरच्या अंगाला खणलेली ती बोडी. हे जाळे विणण्याचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाकडे जाते. नवेगाव बांध हा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याची परंपरा सांगितली जाते. त्यांत मासेमारी करणाऱ्या ढीवरांना तर कोणत्या भागात कोणती वनस्पती उगवते आणि तिच्या आसऱ्याला कोणता मासा येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फोरेल यांनी ज्याला काठाचा पट्टा म्हटले, तो या लोकांनी पायांनी मोजलेला आहे. सीमेपलीकडे छत्तीसगढीतही तसेच: गावाची ‘तरिया’, शेतातली ‘डबरी’. दुर्ग जिल्ह्यातील धमधा येथे सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव होते, असे परंपरा सांगते.

हे साम्य योगायोगाचे नव्हे. दुर्ग आणि भंडारा दोन्ही नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, पुढे दोन्ही मध्य प्रांतात. भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झाला, तेव्हासुद्धा भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूरच होती. दोन्हीकडे मालगुजार गावाचा तलाव सांभाळीत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात अजूनही त्यांना ‘माजी मालगुजारी’ किंवा लाडाने ‘मामा’ तलाव म्हणतात. मामा राहिले, मालगुजार गेले. गाळ काढायचा कोणी, हा प्रश्न मात्र उरला.

छत्तीसगढमध्ये आणखी एक शब्द कानी पडतो: निस्तार. अंघोळ, कपडे, गुरांना पाणी, दैनंदिन गरजा भागवण्याचा गावकऱ्यांचा हक्क म्हणजे निस्तार, आणि तो १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे ‘निस्तार पत्रका’त नोंदवला जातो. जलाशयाचे नाव काय, यापेक्षा त्यावर कोणाचा कोणता हक्क आहे, हे तेथे महत्त्वाचे.

शहरात हा हक्क विरघळतो आणि नावाला किंमत येते. ज्याला नुसते तळे म्हटले, ते कचरा आणि मातीने भरून त्यावर भूखंड पाडण्याचा मोह होतो. पंजाबमधील एका गावतळ्यावर झालेल्या अतिक्रमणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०११ मध्ये ते हटवण्याचा आदेश द्यावा लागला आणि सर्व राज्यांना सामाईक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखण्यास सांगावे लागले. उलट ज्याला सरोवर म्हटले, त्याच्या वाट्याला शोभा येते. सभोवती दगडी भिंत, फरसबंदी, कारंजी, नौकाविहार. हेतू चांगला असतो. फिरायला जागा मिळते, कचरा कमी होतो, याचे मोल कोणी नाकारू नये. परंतु उथळ तळ्याचा जीव काठाच्या उतरत्या मातीत असतो. तो उतार भिंतीने उभा कापला, की गवत जाते, बगळा जातो, बेडूक जातो. आणि खोली काही सरोवराएवढी होत नाही.

नागपूरच्या फुटाळा तलावाने हा प्रश्न थेट दिल्लीपर्यंत नेला. भोसलेकालीन हा तलाव तेलंगखेडीच्या परिसरात आहे. त्यातील संगीत कारंजे, प्रेक्षागृह आणि तरंगते उपाहारगृह यांना पर्यावरणप्रेमींनी आव्हान दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, फुटाळा हा मानवनिर्मित जलाशय असल्याने २०१७ च्या नियमांतील ‘पाणथळ जागे’च्या व्याख्येत तो बसत नाही. त्या नियमांनी पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन, करमणूक अशा कारणांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. मात्र लोकविश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू पडते, असेही न्यायालयाने म्हटले. ज्या प्रदेशात बहुतेक सारेच पाणी माणसाने अडवलेले आहे, तेथे या दोन वाक्यांपैकी दुसरे किती जोराने अमलात येते, यावर पुष्कळ तलावांचे भवितव्य आहे. बगळ्याला तळे खणलेले की आपोआप झालेले, हे ठाऊक नसते.

भिलाईत दोन्ही प्रकार शेजारी नांदतात. तांदुला धरण १९२१ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कालव्याचे पाणी मरोदा जलाशयात येते आणि कारखान्याची तहान भागवते. नेहरूनगरचा भेलवा तालाब मात्र नागरिकांच्या विसाव्याची जागा. त्याला इंग्रजीत काय म्हणायचे, हे शाळकरी मुलाला स्वतःच ठरवता येईल. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी पाण्यात सोडून स्वच्छता मोजण्याची युक्ती काढली, ती आजही जगभर वापरतात. पोलादाच्या गावात तबकडीची वाण नाही. जुन्या स्टीलच्या थाळीला पांढरा रंग द्यावा, मध्ये भोक पाडून दोरी ओवावी, खाली वजन बांधावे, दोरीला हात-हात अंतरावर गाठी माराव्यात आणि वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन दुपारच्या उन्हात ती पाण्यात सोडावी. थाळी दिसेनाशी होईल ती गाठ धरावी आणि त्या अंतराची सुमारे अडीच पट करावी. उजेड साधारण तेथवर पोहोचतो. मग तीच थाळी तळाला टेकेपर्यंत सोडून पाहावी.