कोरियन अक्षरांसाठी ई-रीडरचा फॉन्ट बदलताना

कोंबडीला कोरियन भाषेत 'दाक' म्हणतात. ऐकायला एवढासा शब्द, पण लिहिताना द, आ, ल आणि ग ही चारही चिन्हं एकाच चौरसात बसवावी लागतात. ल आणि ग तर तळाशी दाटीवाटीने. ई-रीडरवर अक्षर लहान असलं की तिथे नुसता डाग उरतो. फॉन्ट फार बारीक रेघांचा असेल, तर उलट रेघा राखाडी होऊन विरतात.

कोरियन ज्या हंगुल लिपीत लिहितात, तिच्यात आज सुरुवातीची 19 व्यंजनं, 21 स्वर आणि शेवटी येणारी 27 व्यंजनं किंवा त्यांच्या जोड्या आहेत. त्यांतून 11,172 चौरस तयार होतात आणि युनिकोडमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र जागा आहे. जुन्या कोरियन संगणक-मानकात मात्र 2,350च होते. तेवढ्यावरच थांबलेल्या फॉन्टमध्ये एखादं दुर्मिळ अक्षर आलं, की त्याजागी रिकामी चौकट दिसते किंवा भलत्याच वळणाचं उसनं अक्षर येतं.

पुस्तकातला मजकूर सुधारणं सोपं आहे. किंडल आणि कोबो या दोन्ही यंत्रांत 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये आपली फाइल टाकता येते. पण पुस्तकांची यादी आणि मेनू यंत्राच्या सिस्टिम फॉन्टवर चालतात. तिथे ही सोय पोहोचत नाही. म्हणून काही वाचक यंत्राचं जेलब्रेक करतात, म्हणजे कंपनीने लावलेलं कुलूप काढतात. मग मूळ फॉन्टची प्रत संगणकावर ठेवायची, सिस्टिमचा भाग लिहिण्यासाठी खुला करायचा, नवी फाइल जुन्याच नावाने तिथे ठेवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. वाचायला सरळ वाटतं, पण यात चूक झाली तर यंत्र सुरूच होत नाही आणि वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं.

फॉन्ट कोणता घ्यावा? लांबलचक वाचनासाठी कोपब बातांग किंवा नोटो सेरिफचा कोरियन संच उत्तम. मेनूसाठी साध्या, एकसारख्या जाडीच्या रेघांचा नानुम गॉथिक. ई-इंकच्या पडद्यावर सहसा राखाडीच्या 16च छटा असतात, त्यामुळे 'लाइट'पेक्षा 'मीडियम' वजन निवडलेलं बरं.

नोटोमध्ये कोरियन संचच घ्यावा, याला आणखी एक कारण आहे. कोरियन मजकुरात मधूनच येणाऱ्या चिनी अक्षरांना युनिकोडने चिनी, जपानी आणि कोरियनसाठी बहुधा एकच क्रमांक दिला आहे. वळण ठरवतो तो फॉन्ट. मराठी वाचकाला हे नवं नाही. आपले ल आणि श हिंदी वळणाने छापलेले दिसतात, तेव्हा क्रमांक तोच असतो, फॉन्ट वेगळा असतो.

खरं तर मेनूचा फॉन्ट निवडण्याची सोय कंपन्यांनीच द्यायला हवी. वाचकाने त्यासाठी यंत्र धोक्यात घालावं, हे योग्य नाही. तोवर ज्यांना फक्त पुस्तकं वाचायची आहेत, त्यांनी फोल्डरच्या सोयीवरच थांबावं. पुढे जाणाऱ्यांनी आपोआप होणारे अपडेट आधी बंद करावेत, कारण नव्या अपडेटबरोबर सिस्टिम फॉन्ट पुन्हा मूळचा होऊ शकतो.