आरशासमोरच्या मुलींशी बोलताना

दिवाळीतल्या पहिल्या आंघोळीचं उटणं लावता लावता आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा ही नावं मुलींच्या कानावर पडत. सौंदर्याचा पहिला धडा असा घरातच, आईच्या हाताखाली मिळे. पुढे मासिकांतून सौंदर्य-सल्ल्याची सदरं आली. ती लिहिली जात गृहिणींसाठी. मुली ती आईचा अंक वाचून झाल्यावर गुपचूप वाचत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीशी थेट बोलणारं फारसं कुणी नव्हतं. ती जागा जाहिरातीने बळकावली.

१९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचं क्रीम बाजारात आलं. त्याच्या जाहिरातींतली सावळी मुलगी आधी खिन्न असे. वर्ण उजळला की तिला नोकरी मिळे, स्थळ येई. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय सौंदर्यस्पर्धांत जगज्जेत्या ठरल्या आणि प्रसाधनांचं आकर्षण लहान गावांतही वाढलं. विरोधाचे सूरही उमटले. २००९ मध्ये 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली आणि पुढे अभिनेत्री नंदिता दास यांनी तिला बळ दिलं. सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा कमी दर्जाची दाखवू नका, असं जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय) २०१४ मध्ये बजावलं. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. पण 'तुझ्यात काहीतरी कमी आहे' हा सूर काही गेला नाही. आज तोच सूर रील्समधून 'ग्लास स्किन' आणि 'अँटी-एजिंग' म्हणत बारा वर्षांच्या मुलीपर्यंत पोचतो. स्वीडनमधल्या एका मोठ्या औषधविक्री साखळीला २०२४ मध्ये पंधरा वर्षांखालच्यांना सुरकुत्यांवरची प्रसाधनं विकण्यावर बंधन घालावं लागलं.

आपण कमी आहोत या भीतीची किंमत शरीर मोजतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय आणून 'गोरं होण्यासाठी' महिनोन्‌महिने लावली, की त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या अनेक रुग्णांमध्ये गोरेपणाच्या क्रीमचा वापर आढळला. दोष होता त्यातल्या पाऱ्याचा.

मग मुलींना आवडेल आणि उपयोगीही पडेल असा सल्ला कसा द्यायचा? त्यासाठी शाळेच्या गॅदरिंगला रंगमंचामागे जाऊन बघावं. लावणीच्या नऊवारीतल्या, कोळीनृत्याच्या लुगड्यातल्या मुली रांगेत उभ्या असतात. एकच काजळकांडी सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरते, एकच लिपस्टिक सगळ्यांच्या ओठांवरून. कुणी मैत्रिणीची टिकली सरळ करते, कुणी गजरा खोचून देते. तिथला आनंद खरा असतो. 'हे वय अभ्यासाचं, नटण्याचं नव्हे' असं म्हणून त्यावर पाणी टाकलं, की मुलगी आपल्याला विचारणं थांबवते आणि मोबाइलला विचारते. त्याच ठिकाणी 'काजळ प्रत्येकीचं वेगळं ठेवा, नाहीतर एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतील. लिपस्टिक कापसाच्या काडीने लावा' असं सांगितलं, तर ती ऐकते. नटण्याला आपली हरकत नाही, हे तिला कळलेलं असतं.

तिला कारणही सांगायला हवं. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात आणि मुरुम उठतात. चेहरा दहादा घासल्याने ते जात नाहीत, उलट चिडतात. लिंबू आणि टूथपेस्टने त्वचा पोळते. मुरुमांच्या औषधाचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. हे आधी कळलं तर ती चार दिवसांत ट्यूब फेकून दुसरी आणणार नाही. नवं प्रसाधन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघावं. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन: या वयाला एवढं पुरतं, आणि हे खाऊच्या पैशांतही बसवता येतं. डाग राहू लागले, गाठी आल्या, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

जाहिरात कशी वाचायची, हेही सौंदर्य-सल्ल्यातच यायला हवं. प्रकाशयोजना, फिल्टर आणि पैसे घेऊन केलेली शिफारस ओळखता आली, की मुलगी सहजासहजी फसत नाही. एएससीआयच्या २०२१ च्या नियमांनुसार इन्फ्लुएन्सरने जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगायला हवं. ती खूण शोधायला मुलींना शिकवता येतं.

हे काम आई, मावशी, शिक्षिका, पार्लरवाली ताई आणि लिहिणारे आपण सगळ्यांचंच आहे. मुलींना नटायला आवडतं, त्याचा मान राखून त्यांना खरी माहिती देऊ या. आपण गप्प राहिलो, तर बोलायला बाजार तयारच आहे.