हाताचें शिक्षण

शाळेंतील ‘कार्यानुभव’ नांवाचा तास शहरांतील सुशिक्षित घरांना चांगला परिचयाचा आहे. त्या तासाकरितां लागणारीं कागदी फुलें किंवा पुठ्ठ्याचें घर पुष्कळदां मुलाची आईच आदल्या रात्रीं जागून तयार करते. ती दमलेली असली तर वस्तु बाजारांतून विकत येते. गुण मुलाला मिळतात, आणि त्याचा हात मात्र होता तसाच अडाणी राहतो. या प्रकाराला कोणीहि हंसेल. परंतु ज्या विचारांतून हा तास निघाला तो हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याची अशी दशा कां झाली, हें पाहण्यासारखें आहे.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. तिनें नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे होते. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मातृभाषेंतून, मोफत व सक्तीचें शिक्षण द्यावें, आणि तें एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफावें, अशी ही योजना होती. तिलाच पुढें नई तालीम किंवा मूलोद्योग शिक्षण म्हणूं लागले. समितीनें आंखून दिलेला दिनक्रम साडेपांच तासांचा. त्यांतले ३ तास २० मिनिटें मूलोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटें. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटें. उरलेलीं वीस मिनिटें व्यायाम आणि सुट्टी यांचीं. गणिताच्या वाट्यास एवढाच वेळ आलेला पाहून आजच्या पालकाच्या छातींत धडकी भरेल. परंतु खरें गणित त्या चाळीस मिनिटांत नव्हतेंच. तें त्या तीन तासांत होतें.

सूतकताईचेंच उदाहरण घ्यावें. मूल टकळीवर पेळूंतून सूत काढतें. बोटांनीं कापूस कमी सोडला तर धागा तुटतो, जास्त सोडला तर तो जाड होतो. पीळ कमी पडला तर ओढतांच निसटतो. एकसारखेपणा म्हणजे काय, हें अशा रीतीनें प्रथम बोटांना कळतें. पुढें सुताचा नंबर काढावयाचा असतो. ८४० वारांची एक लड, आणि एका रत्तलांत अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. तेव्हां २० नंबरी सुताच्या एका रत्तलांत १६,८०० वार सूत आलें. फळ्यावर लिहिलें तर हें एक रुक्ष उदाहरण होतें. पण स्वतः कातलेली लड तोलून, आपली लड शेजाऱ्याच्या लडीच्या दुप्पट वजनाची भरली म्हणून आपला नंबर निम्मा आला, असें मुलाला दिसलें, कीं व्यस्त प्रमाण त्याला निराळें शिकवावें लागत नाहीं.

सुतारकामाची शिकवण याहून कठोर. दोन लांकडें काटकोनांत जोडावयाचीं. एकाला पटाशीनें चौकोनी खांच पाडावयाची आणि दुसऱ्याचें टोंक तींत बसवावयाचें. सूतभर अधिक लांकूड निघालें (सुताराचें सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा) तर सांधा डगडगतो. कमी निघालें तर तो बसतच नाहीं, आणि ठोकून बसविला तर लांकूड फाटतें. उत्तरपत्रिकेप्रमाणें येथें अर्धे गुण मिळण्याची सोय नाहीं. मास्तरांची मर्जी, घराण्याचें नांव, बोलण्यांतली चतुराई, यांपैकीं कशाचाहि लांकडावर परिणाम होत नाहीं. गुण्या लावला कीं चूक डोळ्यांना दिसते. ती दाखविणारा माणूस नसून वस्तु असल्यामुळें मुलाला फारसा रागहि येत नाहीं. तो पुन्हां पटाशी हातांत घेतो. पाठांतरांत हुशार ठरलेल्या मुलास हा अनुभव क्वचितच मिळतो, आणि गरज त्यालाच अधिक असते.

एवढें असूनहि ती योजना देशभर रुजली नाहीं. मुलांच्या कामाच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा पगार निघावा, ही तींतली अपेक्षा अनेकांना खटकली, आणि तें योग्यच होतें. शाळेचा कारखाना होण्यास तेवढें निमित्त पुरे. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतु मागें पडण्याचा धोका खुद्द समितीनेंच आपल्या अहवालांत सांगितला होता. पण मोठें कारण निराळें. खेड्यांतल्या मुलांना टकळी आणि शहरांतल्या मुलांना इंग्रजी, अशी वांटणी सुशिक्षित समाजानें मनांतल्या मनांत करून टाकली होती. श्रमप्रतिष्ठेवर टाळ्या वाजविणाऱ्यांनीं आपलीं मुलें मूलोद्योगी शाळेंत क्वचितच घातलीं. गरिबांना हें अचूक समजलें. सुतार-लोहारांचीं मुलें तें काम घरीं आधींच करीत होतीं; जातीनें त्यांच्या हातीं हत्यार दिलेलेंच होतें, शाळेकडून त्यांना हवी होती ती लेखणी. त्यांनीं पाठ फिरविली यांत त्यांचा दोष काढतां येणार नाहीं.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगानें सर्वच मुलांसाठीं कार्यानुभवाची शिफारस केली. वांटणी मात्र कायम राहिली, आणि त्याचीं कागदी फुलें झालीं.

ही गोष्ट निराळ्या रीतीनें करतां येते, याचा दाखला पुणें जिल्ह्यांतील पाबळ या गांवीं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लीव्हरमधील शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम काढला. त्यांनीं आंखलेल्या अभ्यासक्रमांत आठवी ते दहावीचीं मुलें आठवड्यांतला एक दिवस हातानें काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगा कीं मुलगी हा भेद नाहीं, आणि हुशार कीं ढ हाहि नाहीं. बाकीचे दिवस नेहमीची शाळा. काम असें निवडावयाचें कीं तें शाळेला किंवा गांवांत कोणाला तरी खरोखर लागतें. मुलानें केलेलें टेबल वापरणारा माणूस तें डगडगलें तर सांगावयास येतो. प्रदर्शनाच्या कपाटांतली वस्तु कधींच तक्रार करीत नाहीं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या हाताखालीं काम करूं देण्याची सूचना केली आहे. दहा दिवसांत रंधा कोणालाच साधत नाहीं. तरीहि शहरांतल्या घरांनीं ते दिवस सहलीचे समजूं नयेत. मूल परत आलें म्हणजे गुणांची चौकशी करण्यापेक्षां घरांतलें डगडगतें स्टूल त्याच्यापुढें ठेवावें, आणि दुपारभर त्या बाजूस कोणी फिरकूं नये.