शाळेच्या मुलांचा बंधारा, गावाचे पाणी



आपल्या सिंधुदुर्गात पाऊस सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. तरीही मालवण किनाऱ्याच्या कित्येक वाड्यांत एप्रिल उजाडला की विहिरी तळ गाठतात, काहींचे पाणी मचूळ लागते. असे का होते? गोडे पाणी हलके, ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट टिकली, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी राहते, असा शास्त्राचा हिशेब आहे. पातळी उतरली की खारे पाणी वर सरकते. म्हणून वहाळाचे पाणी अडवून जिरवणे महत्त्वाचे.

हे काम शाळा-कॉलेजची मुले करू शकतात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करीत शिकावे आणि गावाची गरज हाच धडा व्हावा, ही त्यांची दृष्टी. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलेही १९६९ पासून गावोगाव श्रमदान करीत आली आहेत. आपल्या गावच्या मुलांना वनराई बंधाऱ्याचा प्रकल्प द्या.

बंधारा असा घालावा :

१. पाऊस सरल्यावर, धार बारीक झाली पण वाहती आहे, तेव्हाच काम धरा. डिसेंबर उलटल्यावर अडवायला पाणीच उरत नाही.

२. वहाळ अरुंद आणि दोन्ही काठ उंच, घट्ट अशी जागा निवडा. ग्रामपंचायतीला विचारा.

३. तळातला पाला व सुटी वाळू काढा. हे राहिले तर पाणी खालून निसटते.

४. सिमेंटच्या रिकाम्या गोणी पाऊण भरून तोंड शिवा. विटांसारखा सांधा मोडीत दोन रांगा रचा, मध्ये चिकणमाती तुडवून भरा.

५. माथा मध्यभागी थोडा खाली ठेवा. जादा पाणी तिथूनच जाऊ दे, नाहीतर ते काठ कापते.

जड गोणी मोठ्यांनी उचलाव्यात. मुलांनी दर आठवड्याला जवळच्या विहिरीत दोरी सोडून पातळी मोजावी, वहीत लिहावी. बंधाऱ्याच्या वरच्या व खालच्या विहिरींची तुलना केली की उपयोग झाला की नाही ते कळेल. अडलेल्या पाण्यावर मिरची, लाल माठ, वायंगणी भात निघू शकते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मे महिन्यात गोणी काढून घ्या. उन्हाने त्यांच्या चिंध्या होतात, पहिल्या पुरात त्या खाडीत जातात आणि आपल्याच रापणकरांच्या जाळ्यात येतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जगापुढे १७ उद्दिष्टे ठेवली. त्यात सहावे पाण्याचे, चौदावे समुद्राचे. एक साधताना दुसरे बुडवू नये.

तेव्हा मंडळी, यंदा गोणी जपून ठेवा आणि दिवाळीआधी शाळेत जाऊन गुरुजींना भेटा.