ओल वाचणारी मुळं

माजलगाव धरणाचं पाणी कालव्यांनी उसाकडे जातं. कालवा जिथं पोचत नाही, तिथल्या रब्बी ज्वारीला मात्र जमिनीतल्या ओलीवरच दिवस काढावे लागतात. परतीच्या पावसाच्या आगेमागे तिफण चालते. पुढे वरून थेंब पडलाच तर तो अवकाळीचा. काळी माती वरून सुकत जाते, ओल खाली खाली सरकते.

ज्वारीच्या दाण्यातून आधी एक मूळ निघतं आणि खालचा रस्ता धरतं. बुडख्याच्या कांड्यांतून पुढे मुळांचा जुडगा फुटायला हवा. पण वरची माती कोरडी असेल तर ही मुळं सुरुवातीलाच अडून राहतात. राळ्याच्या रानटी भाऊबंदावर झालेल्या प्रयोगांतून 2016 मध्ये हे नीट कळलं. ज्वारी आणि मक्यातही तेच दिसलं. पाणी मिळताच मुळं वाढू लागतात. जुडगा न फुटल्याने पाण्याचा उपसा कमी होतो आणि दाणा भरायच्या दिवसांसाठी काही ओल शिल्लक राहते. दुष्काळात झाड मुळं वाढवतं, हा आपला समज इथं अर्धाच खरा ठरतो.

काळ्या मातीच्या भेगांची गोष्ट तर आणखी मजेची. ही माती सुकली की आक्रसते, हात जाईल एवढी फाटते. मुळाचं टोक अशा पोकळीत आलं की आजूबाजूचं पाणी तुटतं. मग आतल्या नळ्यांतूनच बाहेरच्या पेशींकडे पाणी जाऊ लागतं आणि त्याबरोबर अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरकही. ते पेशींमधल्या बारीक वाटा बंद करतं. फांदीमूळ फुटायला लागणारं ऑक्सिन आत पोचत नाही, म्हणून पोकळीत फांदीच फुटत नाही. टोक पुन्हा ओल्या मातीत शिरलं की वाटा उघडतात. ही यंत्रणा 2022 मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या झाडात उलगडली. दातेरी कोळप्याने भेगा बुजवणाऱ्याला मात्र तिथून ओल उडते हे कधीचंच ठाऊक होतं.

हे शहाणपण आलं कुठून? केवळ दुष्काळातून नाही. दरसाल 1972सारखा दुष्काळच असता, तर कायम काटकसर करणारं झाडच टिकलं असतं. पण मराठवाड्यात एक साल कोरडं, तर दुसऱ्या साली कणसं वाकलेली. चांगल्या साली काटकसरी झाड मागे पडतं, वाईट साली उधळं झाड दाणाच धरत नाही. दोन्ही सालांत बी मागे ठेवतं ते ओल बघून वागणारं झाड. त्यातही अट आहे: ओलीची खूण भरवशाची हवी. खोल काळ्या रानात ती बऱ्यापैकी तशी असते. मुरमाड माळावर कालची ओल उद्याचं काही सांगत नाही.

निवडीत माणसाचाही हात होताच. मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी 35-1 अजून टिकून आहे, कारण तिला दाणाही आहे आणि कडबाही. नवं वाण निवडताना भरपूर पाण्याच्या वाफ्यातलाच उतारा बघितला, तर मुळांची ही सवय नकळत गळून पडू शकते. म्हणून तेच वाण कोरडवाहू तुकड्यातही पेरून बघायला हवं, आणि तेही लागोपाठ काही सालं.