कपाटातली निपाणी : ललितेतर पुस्तके आणि माहितीपट ग्रंथालयातून कसे मिळवावेत



आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयाच्या देवघेव खिडकीशी संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे. कादंबऱ्या जातात, दिवाळी अंक जातात, पाककृतींची पुस्तके जातात. कोणी एखादे आत्मचरित्र मागतो. पण मागच्या भिंतीला लागून जी कपाटे असतात, ज्यांच्यावर ‘वैचारिक’, ‘इतिहास’, ‘शेती’, ‘समाजशास्त्र’ अशा चिठ्ठ्या डकवलेल्या असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. मध्यंतरी एका वाचनालयात अशाच कपाटातून मी एक पुस्तक काढले. मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. ग्रंथपाल म्हणाले, “बरे झाले काढलेत. हे निर्लेखनाच्या यादीत चालले होते.”

निर्लेखन हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकला नसेल. जागा संपली, पुस्तक फाटले किंवा वर्षानुवर्षे कोणी नेले नाही, की ग्रंथालय ते दाखलनोंदवहीतून रीतसर कमी करते. त्यात गैर काही नाही. प्रत्येक ग्रंथालयाला ते करावेच लागते. पण काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवताना ग्रंथपाल त्या चिठ्ठीवरचे शिक्के पाहतो. म्हणजे पुस्तक घरी नेणे हे एका अर्थाने ते ग्रंथालयात राहावे म्हणून दिलेले मत असते. हे आपल्या सीमाभागात जरा जास्तच खरे आहे. इथे एकदा गेलेले मराठी पुस्तक पुन्हा विकत घेण्याइतका पैसा फार थोड्या संस्थांकडे आहे.

‘ललितेतर’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. जे ललित नाही ते, एवढेच तो सांगतो. एखाद्या माणसाची ओळख ‘हा पाटलांपैकी नव्हे’ अशी करून द्यावी, तसे हे झाले. या कपाटांत चरित्रे आहेत, प्रवासवर्णने आहेत, गॅझेटियर आहेत, सरकारी अहवाल आहेत, पीकपाण्याची पुस्तके आहेत. या सगळ्यांत समान एवढेच, की लेखकाने जे लिहिले ते घडलेले आहे असा त्याचा दावा असतो आणि तो दावा तपासायचा अधिकार वाचकाला असतो.

आता हे उदाहरणानेच सांगतो. उदाहरण निपाणीचे घेऊ.

निपाणीबद्दल वाचायचे आहे असे म्हणत कोणी वाचनालयात गेला, तर त्याला ‘निपाणी’ नावाचे कपाट सापडणार नाही. मोठी ग्रंथालये अमेरिकेच्या मेल्विल ड्युई यांनी 1876 साली मांडलेल्या दशांश वर्गीकरणाने पुस्तके लावतात. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असे ते चालते. त्या पद्धतीत तंबाखूचे पीक 633.71 मध्ये जाते. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईची मजुरी 331 मध्ये, कारण तो कामगारांचा विषय. शेतकरी आंदोलनाच्या नेत्याचे चरित्र 920 च्या आसपास. भारताचा इतिहास 954 मध्ये. मराठी भाषा 491.46 मध्ये आणि मराठी साहित्य 891.46 मध्ये. म्हणजे एकच गाव पाच-सहा कपाटांत विखुरलेले असते. लहान वाचनालयांत आकडे नसतात, तिथे ‘चरित्र’, ‘प्रवास’, ‘वैचारिक’ अशी ढोबळ विभागणी असते. गाव विखुरलेले तिथेही असतेच. म्हणून पहिली गोष्ट ही की, ग्रंथपालाकडे पुस्तकाचे नाव न मागता विषय सांगावा. “निपाणीच्या तंबाखूबद्दल काय काय आहे?” असे विचारले तर चांगला ग्रंथपाल चार कपाटे उघडतो.

त्या कपाटांत काय सापडेल? अनिल अवचटांचे ‘माणसं’ हे 1980 चे पुस्तक बहुतेक मराठी वाचनालयांत आहे. शिक्षणाने डॉक्टर असलेला हा लेखक हमाल, विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांच्यात जाऊन बसला आणि त्यांचे जगणे त्याने साध्या भाषेत मांडले. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकाही त्यात आहेत. पुस्तक अनेक ठिकाणी ‘ललित’ कपाटात ठेवलेले दिसते, बहुधा लेखकाच्या नावामुळे. तिथे ते चुकीचे नाही, पण कामगारांच्या प्रश्नावर वाचू पाहणाऱ्या मुलाला ते तिथे सापडत नाही.

दुसरे भानू काळे यांचे ‘अंगारवाटा’, शरद जोशींचे चरित्र. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. मार्चच्या मध्यापासून तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्ता त्यांच्या ताब्यात होता. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 शेतकरी मेले. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना ते दिवस आठवत असतील. काहींच्या घरातली माणसे त्या रस्त्यावर बसली होती, काहींच्या घरात तंबाखूचा व्यापार होता. दोन्ही घरांत त्या दिवसांची गोष्ट वेगवेगळी सांगितली जाते, आणि दोन्हींत खरे आहे.

आणि तिसरी गोष्ट पुस्तक नाही. 1982 साली बंगळूरच्या ‘युगांतर’ या चित्रपट गटाने निपाणीत एक माहितीपट केला : ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. दीपा धनराज, अभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव यांचा हा गट. बायकांशी बोलत, त्यांच्याबरोबर महिनोन्‌महिने राहून त्यांनी तो केला. लांबी अवघी पंचवीस मिनिटांची. वखारीत कॅमेरा गेला, आणि संघटना बांधणाऱ्या बायका स्वतःच्या तोंडाने, आपल्या इकडच्या मराठीत बोलल्या. त्याच गटाने आधीच्या वर्षी पुण्याच्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ केला होता. पुढे हे चित्रपट जवळजवळ विस्मरणात गेले होते. त्यांचे डिजिटल जतन झाले ते बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या संस्थेत. निपाणीच्या बायकांचा आवाज जर्मनीत सांभाळून ठेवला जातो आणि निपाणीपासून तासाभराच्या वाटेवरच्या वाचनालयांत त्याची प्रत नसते, ही गोष्ट मला खुपते. दोष कोणाला द्यायचा? कोणी मागितलीच नाही.

आता ही तीन खाती शेजारी ठेवून पाहा. अवचट बाहेरून आलेले. त्यांच्या नजरेला जे दिसते ते इथल्या माणसाला सवयीने दिसत नाही, पण इथल्या माणसाला ठाऊक असलेले बरेचसे त्यांना ठाऊक नाही. चरित्रकाराचे लक्ष नेत्यावर, म्हणून आंदोलनाचा डाव कळतो, पण महामार्गावर भाकऱ्या कोणी पोचवल्या हे मागे पडण्याचा धोका. माहितीपटात वखारीतल्या बायका मध्यभागी, तर शेतकरी आणि त्याचा भाव चौकटीबाहेर. एकच पीक आणि जवळजवळ एकच काळ. शेतात पिकवणाऱ्याला भाव हवा, वखारीत काम करणारीला मजुरी हवी, आणि दोघांमध्ये व्यापारी. एकच पुस्तक वाचून थांबलेला माणस यातल्या एकाच बाजूचा होऊन उठतो. म्हणून ललितेतर पुस्तक एकटे आणू नये, जोडीने आणावे, असे मी तरुणांना सांगतो.

हीच गोष्ट सीमाप्रश्नाच्या पुस्तकांना लागू होते, आणि तिथे ती पचायला जड जाते. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल आपल्या घराघरांत शिव्या देण्यापुरता माहीत आहे. वाचलेला कोणी? बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे असे त्यात म्हटले, हे सगळ्यांना पाठ. निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि महाराष्ट्राकडची 247 गावे म्हैसूरला द्यावीत, हेही त्यातच आहे. बॅ. अ. र. अंतुले यांनी त्या अहवालाची चिरफाड करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. अलीकडे 2021 मध्ये डॉ. दीपक पवार यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद : संघर्ष आणि संकल्प’ हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने काढला. हे वाचावे, आणि शेजारी मूळ अहवालही ठेवावा. कन्नड वाचता येत असेल त्याने त्या बाजूचेही आणावे. आपली बाजू बळकट आहे असे ज्याला वाटते त्याला दुसरी वाचायची भीती कशाला?

आता पैशाचे बोलतो, कारण पुस्तके शेवटी पैशाने येतात.

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय त्याआधी शंभराहून अधिक वर्षे, 1848 पासून चाललेले. शेजारच्या कोल्हापुरातले करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये केला, हे निपाणीकरांनी अभिमानाने सांगावे. हाकेच्या अंतरावरची गोष्ट आहे. पुढे दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या. महाराष्ट्राचा 1967 चा कायदा लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान देतो. कर्नाटकाचा 1965 चा कायदा वेगळा : तिथे सरकारच शहर आणि जिल्हा ग्रंथालये चालवते आणि त्यासाठी ग्रंथालय उपकर घेते. घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे सहा पैसे.

हे सहा पैसे आपण सगळे भरतो. आपल्या मराठी वाचनालयाची वर्गणी भरतो ती वेगळी. तरी शहर ग्रंथालयाची पायरी आपल्यातल्या किती घरांनी चढली आहे? “तिथे कन्नडच असणार” असे म्हणून आपण जात नाही; आपण जात नाही म्हणून मराठीची मागणी नोंदली जात नाही; नोंदली जात नाही म्हणून पुस्तके येत नाहीत. अनामत भरावी, सभासद व्हावे आणि हवे ते मराठी पुस्तक लेखी मागावे. लेखी मागितलेले पुस्तक येईलच असे नाही. पण न मागितलेले येणार नाही एवढे नक्की.

माहितीपटांबाबत एक गैरसमज वाचनालयांच्या कार्यकारिणीतही आढळतो, की तबकडी घरी देणे बेकायदेशीर आहे. तसे नाही. प्रताधिकार कायद्यात 2012 साली जी दुरुस्ती झाली तिच्यात हे स्पष्ट आहे : नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर विकत घेतलेली चित्रपटाची प्रत सभासदाला वापरायला देणे हे व्यावसायिक भाड्याने देणे ठरत नाही. मात्र तोच माहितीपट सभागृहात पडदा लावून लोकांना दाखवायचा असेल, तर तिकीट असो वा नसो, हक्क ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी घ्यावी. माहितीपट करणारे लोक सहसा आनंदाने देतात. एक पत्र लिहिण्याचाच काय तो प्रश्न. त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. एखादे पुस्तक भारतात विकत मिळतच नसेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करून घेता येतात. आपल्याकडच्या किती दुर्मीळ स्थानिक पुस्तकांना हे लागू पडते ते ग्रंथपालांबरोबर बसून पाहण्यासारखे आहे. बेळगाव जिल्ह्याचे 1884 चे इंग्रजी गॅझेटियर तर प्रताधिकारातून केव्हाच मोकळे झाले आहे.

तबकडी लावायचे यंत्र आता घरांत उरले नाही, हे खरे. पण माहितीपटाचा मुद्दा मी वाढवतो आहे तो वेगळ्या कारणाने. आपल्या घरांतली नातवंडे इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, छान बोलतात. चारशे पानांचे मराठी चरित्र त्यांच्या हातात दिले तर दहाव्या पानावर ती थांबतात. त्यांना पंचवीस मिनिटांचा चित्रपट बसून पाहता येतो. वखारीतली बाई बोलू लागली की तो आजीचा आवाज वाटतो. तिची भाषा त्यांना कळते. मग मूल विचारते, ही बाई कोण, पुढे काय झाले? तेव्हा आजोबांनी ‘माणसं’ काढून त्यातली निपाणीची पाने वाचून दाखवावीत. वाचायला लावू नये, वाचून दाखवावीत.

पूर्वी चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रे आणि अनुबोधपट सक्तीने दाखवत. 1948 साली सुरू झालेल्या त्या संस्थेचा मोठा संग्रह आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. त्या वेळी आम्ही ते सुरू असताना बाहेर शेंगा खात उभे राहायचो. आज त्यातलेच काही पाहायला मिळावे म्हणून पत्रे लिहितो आहे.

जाता जाता एक विनंती. सभागृहाच्या दाराशी वाचनालयाने एक वही ठेवली आहे. सीमाभागाबद्दलचे, तंबाखूचे, उसाचे, घटप्रभेचे, आपल्या जुन्या शाळांचे, कशाचेही ललितेतर पुस्तक किंवा माहितीपट आपल्याला हवा असेल तर नाव त्यात लिहा. नाव माहीत नसेल तर विषय लिहा. आणि आपल्या घरच्या माळ्यावर असे काही पडून असेल, तर तेही लिहा.