नडगीचे हाड : सळई, पट्टी की पिंजरा?

जानेवारीत ड्राइव्ह-वेवरच्या बर्फावर पाऊल अडकले आणि शरीर गर्रकन फिरले, की नडगीचे हाड पिळवटल्यासारखे तिरके मोडते. नॉर्थ यॉर्कमधल्या इस्पितळात सर्जन म्हणतो, "रॉड घालू या." त्याच वेळी पुण्याहून मामेभाऊ फोनवर बजावत असतो, "प्लेटच घालून घे." संमतीच्या कागदावर सही करायची पाळी आपली. दोघांपैकी बरोबर कोण, हे हाड कोठे मोडले त्यावर ठरते.

नडगीवर हात फिरवून पाहा. पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागते, मांस नाहीच. पट्टी बसवायची तर बहुधा हीच पातळ कातडी उघडावी लागते. अपघाताने ती आधीच सुजलेली असते. मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर जखम भरणे आणखी अवघड. सळई मात्र गुडघ्याजवळच्या छोट्या छेदातून हाडाच्या पोकळीत उतरते आणि दोन्ही टोकांना आडव्या स्क्रूंनी अडकवतात. मोडलेली जागा उघडावी लागत नाही, शिवाय रुग्ण पायावर भार लवकर देऊ शकतो. म्हणून हाड मध्यभागी मोडून सरकले असेल, तर बहुतेक सर्जन सळईच निवडतात. तिचा एक त्रास आधी सांगितलेला बरा : पुढे गुडघा दुखतो, विशेषतः गुडघे टेकताना. पूजेला खाली बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हाड सरकलेच नसेल, तर साधे प्लास्टरही पुरते.

सळईपूर्वी पोकळी कोरून रुंद करावी की नाही, हा जुना वाद. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. मोहित भांडारी यांच्या पुढाकाराने झालेल्या 'स्प्रिंट' चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. 1,226 रुग्णांत कातडी न फाटलेल्या मोडींमध्ये कोरणे फायद्याचे दिसले. उघड्या जखमांत फरक आढळला नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. हाड जुळत नाही म्हणून सहा महिन्यांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करायची नाही, असा तिथे दंडक होता. अखेर शेकडा 5 पेक्षा कमी लोकांना त्यासाठी सळई बदलावी किंवा हाडाची भर घालावी लागली.

मोड गुडघ्याच्या सांध्यात शिरली तर मात्र मामेभावाचे खरे. तिथे सांध्याचा पृष्ठभाग सपाट जुळायला हवा, आणि ते काम पट्टी-स्क्रूंचे. या मोडींचे जगभर वापरले जाणारे सहा प्रकार टोरांटोचे डॉ. जोसेफ शॅट्झकर यांनी 1979 मध्ये मांडले, तेही याच शहरातल्या रुग्णांवरून. दोन्ही बाजू फुटल्या असतील तर बाहेरून कड्यांचा पिंजराही लावतात. 2006 च्या कॅनेडियन चाचणीत पिंजऱ्याचे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांच्यात गंभीर गुंतागुंतही कमी झाली. घाण गेलेल्या उघड्या जखमेतही काही दिवस बाहेरची चौकट सोयीची पडते.

पद्धत कोणतीही असो, पहिल्या दोन दिवसांत पोटरी दगडासारखी ताठरली, औषधानेही कळ थांबेना, पायाची बोटे हलवताच जीव कासावीस झाला, तर सकाळची वाट पाहू नका. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असतो आणि हाताशी काही तासच असतात. प्लास्टर असेल तर ते लगेच कापावे लागते. घरी असाल तर 911 फिरवा. इस्पितळात असाल तर नर्सला पुन्हा पुन्हा बोलवा, भीड बाळगू नका.